नऊ स्क्रू

—नाही नाही, दोनदा म्हणजे ‘नाही’. आत्ताच ठरलं ना आपलं? एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. मी विचारतेय ऐकू येतंय का, आणि तुम्ही दोनदा वाजवता — ऐकू येत नसतं तर वाजवलं असतंत कशाला? परत विचारते. बाबा, मी बोलतेय ते ऐकू येतंय? ...एकदा. हां, आता कसं. तोंडानं बोलू नका, नुसता तांब्या फरशीवर आपटा. मघाशी काय बोललात त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, जीभ जड झालीय तुमची, उगाच दम कशाला घालवायचा, बोलायला मी आहे ना. सून बोलायला लागली की थांबत नाही असं तुम्हीच सगळ्या गावाला सांगत असता. पडलात ना? एकदा. दाराला टेकून बसलाय? ...दोनदा. म्हणजे लांब आहात. तेच बरं, कारण हे दार आता बाहेर येणार आहे, सगळंच्या सगळं. आणि ऐका, हा आवाज — घुर्र — कळला कशाचा? ...एकदा? काहीतरीच. तुम्हाला कसा कळेल, दोन वर्षं झाली ही वस्तू घरात आहे आणि तुम्ही घरात असताना मी ती एकदाही चालवलेली नाही.

मशीन आहे बाबा. स्क्रू काढायचं आणि बसवायचं. बिनवायरचं, केवढंसं, वेलची केळ्याएवढं असेल — खटका दाबला की फिरतं, पुढे बटण सरकवलं की आवळतं, मागे सरकवलं की सोडवतं. हो, तेच, जे आणू का म्हणून मी विचारलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात की हात असलेल्या माणसाला त्याची काय गरज. मी आणलंच. रव्याच्या डब्यामागे ठेवते. तुम्ही काही रव्याच्या डब्यामागे हात घालणाऱ्यातले नाही. आता मी काय करतेय, तर स्टुलावर उभी आहे आणि वरची बिजागरी काढतेय. तीन बिजागऱ्या, चौकटीच्या बाजूला प्रत्येकीला तीन स्क्रू, तीन त्रिक नऊ. नऊ निघाले की दार मोकळं. तुमचीच कृपा. दार बसवलंत तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, आठवतंय? बाथरूमच्या बिजागऱ्या कोणी अशा बाहेर दिसतील अशा लावतं का, म्हटलं होतं मी, पाहुण्यांसमोर लाज वाटते. आणि तुम्ही म्हणालात — काय म्हणालात बरं — बसवणारे पुष्कळ असतात, काढणाऱ्याचा विचार करून बसवतो तो फिटर. छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होते म्हणून घरातही कारखाना करायचा का, असं मी यांना म्हटलं होतं रात्री. हे हसले होते. आज मी नाही हसत. पहिला निघाला. ऐकलंत? टक्कन पडला खाली.

झोपू नका. बाबा, झोप आली तरी झोपायचं नाही. वाजवा एकदा. ...जोरात वाजवा, हे काय मुंगीनं वाजवल्यासारखं. साखर उतरलीय तुमची, दुसरं काही झालेलं नाही, अकराला इंजेक्शन घेतलंत आणि साडेअकराला जेवायचं सोडून अंघोळीला शिरलात — मी ताट वाढत होते, मी म्हटलं, बाबा, आधी दोन घास खा, तर म्हणे अंघोळीशिवाय अन्न घशाखाली उतरत नाही. दवाखान्याच्या गाडीला फोन केलाय, वीस मिनिटं म्हणाले, त्यातली सात तरी झाली असतील. समोरच्या काकू खाली फाटकापाशी उभ्या आहेत रस्ता दाखवायला. खालच्या मजल्यावरचे दोघंही कामावर. तुमच्या चिरंजिवांना कळवलंय, निघालेत, पण त्यांना यायला पाऊण तास. आणि दार फोडायचं म्हटलं तर ते बाहेर उघडणारं, ढकलून काय उपयोग, आणि फोडलंच तर तुकडे तुमच्या अंगावर. म्हणून हे. स्टुलाच्या पायाशी साखरेचं पाणी तयार ठेवलंय पेल्यात, दार हललं की पहिला घोट तुमचा. वाजवा. ...एकदा. दुसरा निघाला.

एक सांगा मला. या दाराला कडी आली कुठून? डॉक्टर म्हणाले की तुम्हाला आतून कडी लावू द्यायची नाही, पंधरा दिवसांपूर्वी मी स्वतः कडी काढली, याच मशीननं, तुम्ही बागेत गेला होतात तेव्हा. कडी माळ्यावर टाकली. तिचे स्क्रू कचऱ्यात टाकले, मुद्दाम, तुम्हाला मिळू नयेत म्हणून — इतकी ओळखते मी तुम्हाला. मग बसवलीत कशानं? चिकटवलीत? ...दोनदा. नाही. बरं, राहू दे, ते नंतर. कधी बसवलीत ते तरी — हे कसं सांगाल तांब्यानं, मीच वेडी. म्हणजे कालपरवा कधीतरी दुपारी माळ्यावर चढलात. या वयात. माझ्या नकळत. जित्याची खोड मेल्या— नको, ही म्हण नको आत्ता. तिसरा थोडा अडतोय. रंग बसलाय खाचेत. एक मिनिट.

निघाला. वरची बिजागरी मोकळी. आता मधली. वाजवा. बाबा? ...वाजवा म्हटलं ना. ...हां. हा अगदीच हळू होता. हे बघा, मी मघापासून गोड गोड बोलतेय आणि तुम्ही पेंगताय, मला कळतंय. लहानपणी यांना ताप आला की तुमच्या घरात काय करायचे, चिडवायचे म्हणे, जागं ठेवायला. तर आता मी तुम्हाला चिडवणार आहे. राग आला तर येऊ दे, राग आला की तुमचा आवाज पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो, तसा तांब्या आपटा. ठरलं? ऐका मग. दोन वर्षं तुम्ही दर रविवारी सकाळी ती हत्यारांची पेटी उघडून घरभर फिरत होतात ना — हे आवळ, ते आवळ, घर म्हणजे मशीनच आहे, आठवड्याला पाहिलंच पाहिजे म्हणत? सोमवारी तुम्ही बागेत गेलात की मी तुमच्या मागून घरभर फिरत होते. हे मशीन घेऊन. तुम्ही आवळलेलं सगळं परत आवळत.

...हा बघा, हा जोरात वाजला. आणि दोनदा वाजला. नाही काय? खोटं कशाला सांगू? हॉलमधला पडद्याचा दांडा — तुम्ही बसवलात, सगळ्यांना बोलावून दाखवलात, आणि मंगळवारी ओढायला गेले तर एक टोक खाली. मी पाच मिनिटांत लावला. कुकरच्या झाकणाची मूठ. आवळली म्हणालात, ती माझ्या हातात गोल फिरत होती, वाफ असताना. खुर्च्या — चार खुर्च्यांचे सोळा स्क्रू, हातानं करायचे म्हणजे मनगट भरून येतं, यानं करायचे म्हणजे भाजी शिजेपर्यंत होतात. कपाटाची दारं एकमेकांना घासायची ती. बटणांच्या पाट्या भिंतीवरच्या. तुमच्या लाडक्या नातीच्या, चिमणीच्या त्या बोलणाऱ्या हत्तीचं सेलचं झाकण, त्याचा स्क्रू केवढासा, तुमचा हात — तुमचा हात थरथरतो बाबा. मी पाहिलंय. तुम्ही खाच शोधता आणि टोक तिच्या आजूबाजूला फिरत राहतं. मग तुम्ही डावा हात उजव्याखाली धरता, कोणी बघत नाही ना ते पाहून. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. आणि आत जायचे, भांडी वाजवायचे, मी तिकडेच आहे असं तुम्हाला वाटावं म्हणून. चौथा निघाला. चिडलात? ...एकदा. छान. असेच चिडून राहा.

पण तोंडावर कधी बोलले नाही, हे कबूल करा. यांना पण नाही सांगितलं बरेच दिवस. मला वाटायचं, चाललंय ना, रविवारी सासरे, सोमवारी सून, घर व्यवस्थित, तुमचा मान जागच्या जागी, माझं काय जातंय, अर्धा तास. खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. माहेरी मला कोणी खिळा ठोकू दिला नाही कधी, भाऊ असताना तू कशाला. आणि इथे मी सोमवारी सकाळी एकटी, हातात हे, घुर्र केलं की झालं. तुम्ही अर्धा तास घाम गाळता ते माझं दोन मिनिटांत. मी तुमच्यावर हसायचे बाबा. मनात. छत्तीस वर्षांचा फिटर आणि मी, जिला स्क्रूचे आटे म्हणजे काय ते लग्नानंतर कळलं. थांबा, हा सरकतोय. हे तुमचे सरळ खाचेचे स्क्रू म्हणजे — टोक ठरतच नाही त्यात, मशीन सुरू केलं की निसटतं बाजूला. फुलीच्या खाचेचे असते तर एव्हाना दार खाली आलं असतं. दोन्ही हातांनी धरते. पाचवा... पाचवा आला. बत्ती लाल झालीय मशीनवरची. काल चार्जिंगला लावायचं राहिलं. कालच राहायचं होतं.

वाजवा. ...बाबा. बाबा, वाजवा. ...आला, आला, ऐकला. इतका वेळ का लावला? राग ओसरला वाटतं. थांबा, अजून आहे माझ्याकडे. तो सोमवारचा कागद. तुम्ही सही केलीत ना त्यावर, त्या निवासाच्या कागदावर, तो फ्रिजवर लोहचुंबकाखाली आहे, मी रोज दूध काढताना त्याच्याकडे न बघता दूध काढते. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, निवास म्हणायचं, हे सांगतात. स्वतंत्र खोली आहे, बाग आहे, चोवीस तास नर्स आहे. यांनी तीन ठिकाणं पाहिली, वाईट हेतूनं नाही पाहिली, रडले होते एका रात्री, तुम्हाला माहीत नाही. आणि तुम्ही काय केलंत? चष्मा मागितलात आणि सही केलीत. भांडायचं ना! एरवी चहात साखर कमी-जास्त झाली तर दोन दिवस धुसफुस, आणि इथे घरातून जा म्हणतायत तर म्हणे पेन चालत नाही, दुसरं द्या. मला इतका राग आला तुमचा. मी आत जाऊन पीठ मळत बसले, नको तेवढं मळलं. सहावा. मधली बिजागरी मोकळी. दार वरून जरा हलतंय, पण फट बोटाएवढीच, पेला काही जात नाही. तीन राहिले. मी खाली बसतेय आता, आवाज खालून येईल, घाबरू नका.

आता तुमच्याशी समोरासमोर आहे मी, मधे फक्त हे दार. तुमचा श्वास ऐकू येतोय. मला माझाही येतोय. सातवा — चल रे — हां, हा सुटला पटकन. दोन.

तुम्ही भांडला नाहीत, कारण फळी. हो ना? चिमणीच्या टेबलावरची पुस्तकांची फळी. ...एकदा. माहितीय मला. महिना होईल पुढच्या बुधवारी. ती खाली चित्र काढत होती, फळी पुस्तकांसकट आली, कोपरा भुवईवर लागला, तीन टाके. बोटभर खाली लागली असती तर डोळा, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर यांनी विचारलं, फळी कोणी बसवली होती? आणि तुम्ही म्हणालात, मी. बसवली होतीत ना, खरंच होतं, सहा महिन्यांपूर्वी एका रविवारी. त्या दिवसापासून तुम्ही पेटी उघडली नाही. चिमणीनं तिचा हत्ती आणून दिला तर म्हणालात, आजोबांना आता येत नाही, आईकडे दे. आणि मग कागद आले.

मी तुम्हाला चिडवायला सांगतेय हे. जागं राहायला. तुम्ही जागे आहात ना? ...एकदा. बरं. मग ऐका, आणि हे मी फक्त यासाठीच सांगतेय की — नाही. कशासाठी ते मला नाही माहीत, पण तोंडात आलंय आणि आता गिळवत नाही. तुमची फळी पडली नव्हती बाबा. त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी तुमचे चारही स्क्रू काढून टाकले होते. ते ढिले होते का? खरं सांगते, नव्हते. मी हात लावून पाहिलं होतं, पक्के होते. पण मला सवय लागली होती ना, सासऱ्यांनी केलं म्हणजे परत करायचं. मशीननं आवळायला गेले तर सरळ खाचेतून टोक निसटायला लागलं, मला चीड आली, म्हटलं हे जुनाट स्क्रूच नकोत. काढले. आणि मशीनबरोबर फुकट आलेल्या पुडीतले काळे, फुलीचे, ते बसवले. काय झरझर गेले आत. आणि मी थांबले नाही. टोकाला गेल्यावर पण दाबूनच धरला खटका, अजून पक्कं, अजून पक्कं. मग एकदम कर्र झालं आणि स्क्रू नुसताच जागच्या जागी फिरायला लागला. चारही तसेच. मला वाटलं झालं, बसला. दिसत होतं छान, डोकं भिंतीला टेकलेलं. भिंतीत स्क्रूला धरून ठेवणारी ती प्लास्टिकची गिट्टी आतून कुरतडली गेली आणि पकड उरलीच नाही, हे मला कळलं नाही. हाताला कळलं असतं. तुमच्या थरथरत्या हाताला सुद्धा कळलं असतं. मशीनला काही कळत नाही, ते फिरत राहतं. फळी सहा महिने नुसती लोंबत होती तिथे, माझ्या लेकीच्या डोक्यावर.

आणि तुम्ही मी म्हणालात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी बोलणार होते. शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं. पण यांचा चेहरा पाहिला आणि मी चिमणीसाठी दूध गरम करायला आत गेले. मग रात्री बोलू म्हटलं. मग टाके निघाल्यावर. मग इतके दिवस झाले की आता बोलले तर इतके दिवस का बोलली नाहीस हाच गुन्हा मोठा. ते काळे स्क्रू मी शोधले त्या संध्याकाळी, फेकून द्यायला, टेबलाखाली, पलंगाखाली, एकही नाही सापडला. म्हटलं केरात गेले, सुटले. असं म्हटलं मी. सुटले.

झालं. आता आपटा तांब्या. फोडा तो.

...बाबा?

बाबा, रागावून गप्प बसायची ही वेळ नाही. एकदा वाजवा. दोनदा वाजवा. काहीही वाजवा. ...हे बघा, मला शिव्या द्यायच्यात ना, त्या बाहेर आल्यावर द्या, मी ताटासारख्या मांडून घेईन, पण आत्ता वाजवा. ...आठवा काढतेय मी. ऐका, घुर्र — ऐकू येतंय ना — निघतोय, अर्धा आलाय, अजून थोडा — नको ना, आत्ता नको, बंद नको पडूस — गेलं. मशीन गेलं. बत्ती पण गेली. अर्ध्यावर. बोटांनी फिरवते. बोटांनी फिरतोय. आला. आठ. एक राहिला, एकच, आणि तो बोटांनी हलत सुद्धा नाही. बाबा, मी दोन पावलं लांब जातेय, तुमच्या पलंगाखालची पेटी काढायला, कुठे जात नाही मी, बोलत बोलत जातेय, ऐकू येतंय ना माझं बोलणं, ही पेटी ओढली, ही उघडली — केवढं नीट ठेवलंय सगळं, प्रत्येक पाना फडक्यात — हा स्क्रूड्रायव्हर घेतला. लाकडी मुठीचा. आले परत.

कसं धरायचं? तुम्ही एकदा चिमणीला सांगत होतात. आधी दाबायचं, मग वळवायचं. तोंडानं घाई करायची, हातानं नाही. दाबलं. मूठ केवढी गुळगुळीत झालीय, तुमच्या अंगठ्याची जागा आहे तिच्यात. हलत नाहीये. थोडा आवळून मग सोडवायचा, असं पण म्हणाला होतात, गंजलेला असला की आधी त्याच्या मनासारखं. आवळते... करकरला. आता मागे. बाबा, हलला. मला हातात कळलं, आत कुठेतरी कळ सुटल्यासारखं. हाच ना तो? हेच तुम्ही म्हणायचात ना, स्क्रू बोलतो? फिरतोय. फिरतोय बाबा. आला बाहेर.

आता उलथनं घालते फटीत. सरका म्हणत नाही, जिथे आहात तिथेच राहा. ओढतेय. बिजागऱ्यांच्या बाजूनं निघतंय, कडी पण सुटली चौकटीतून — आलं, आलं, हलकं आहे, भिंतीला टेकवते — बाबा. बाबा, इकडे बघा. डोळे उघडा. घामानं भिजलात नुसते. मान माझ्या हातावर टाका. हा पेला. ओठ उघडा. घोट. नुसतं तोंडात धरू नका, गिळा. ...हां. अजून एक. गिळलंत? तांब्या का धरून ठेवलाय एवढा घट्ट, सोडा आता. नाही सोडायचा? बरं, असू दे. अजून एक घोट. टॉवेल घेते अंगावर, लाजू नका, मी बघत नाहीये. बघा, डोळे आले तुमचे ठिकाणावर. मी कोण? ...राहू दे, कळलं, असं रागानं बघता म्हणजे ओळखलंत. प्या. हळू. आता श्वास घेते मी पण जरा. गाडी येईल एवढ्यात, हा सायरन असेल तर तीच. पेला संपवा, मग ही —

हे काय आहे?

नाही, पीत राहा तुम्ही. मी दाराकडे बघतेय. कडीकडे. हे स्क्रू — बाबा, हे काळे आहेत. चार. फुलीचे. हे असले या घरात फक्त माझ्या पुडीत होते, आणि त्यातले चारच मी वापरले होते, फळीला. तुम्ही उचललेत. फळी पडली तेव्हा चिमणी रडत होती, हे तिला उचलून पळाले, मी पर्स शोधत होते, आणि तुम्ही खाली वाकला होतात — मला वाटलं पुस्तकं गोळा करताय. तेव्हाच पाहिलंत. फुलीचे म्हणजे तुमचे नव्हेत. आणि मशीनचा आवाज पण ओळखलात मघाशी, एकदा वाजवलंत तुम्ही, मीच मानलं नाही. म्हणजे यांनी विचारलं, फळी कोणी बसवली, आणि तुम्ही मी म्हणालात, तेव्हा हे खिशात होते तुमच्या. आणि सही केलीत तेव्हाही. महिनाभर माझ्या हातचं जेवलात, माझ्याशी एक वाकडा शब्द नाही, आणि मी इकडे दारामागून तुम्हाला बातमी देतेय. का पण? कोणासाठी? ...असं हात करू नका, बोला. नाही, बोलू नका. किती सरळ बसवलेत. चारही. हात लावून बघू? पक्के आहेत. एक हलत नाही.

फोन वाजतोय माझा. यांचा आहे. ...हॅलो. हो, उघडलं. शुद्धीवर आहेत, साखर दिली, पितायत. हो, गाडी आली वाटतं, काकूंचा आवाज येतोय जिन्यात. तुम्ही सावकाश या, घाई करू नका. ऐका, एक सांगायचंय, आत्ताच सांगते, नाहीतर परत राहील. ती चिमणीची फळी — नाही, काही नाही, बाबा तांब्या आपटतायत फरशीवर. दोनदा. परत दोनदा. मला कळलं बाबा, दोनदा म्हणजे नाही. ठेवा तो तांब्या खाली. ...ऐकताय ना तुम्ही? ती फळी बाबांनी नव्हती बसवलेली.